कुवेतकर भावांची अलिया : सालेह अल-कुवेती (1908-1986)



ठाण्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंचा मुलगा कुवेतला रुमैथिया भागात राहतो. हवल्ली प्रांतात, सालमियाला लागून असलेली ही वस्ती. गेला तेव्हा पहिले चार-पाच महिने त्याचे फोन म्हणजे नुसती कागदांची गोष्ट असे. आधी मुंबईत डिग्रीच्या सर्टिफिकेटवर शिक्क्यांवर शिक्के, मग तिकडे रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, मग इकामा, आणि शेवटी सिव्हिल आयडी. ते कार्ड हातात येईपर्यंत बँकेचं खातं नाही, मोबाईलची लाईन नाही, घरभाड्याचा करारसुद्धा दुसऱ्याच्या नावावर. बायकोला आणायचं तर कलम 22 चा व्हिसा वेगळा, त्याला पगाराची अट वेगळी. त्याची आई मला विचारायची, अहो, माणूस एवढा शिकलेला, आणि कार्डाशिवाय त्याला कोणी ओळखतच नाही का?

तिला उत्तर देताना मला सालेह अल-कुवेती आठवले. कुवेतमध्ये जन्मलेला एक यहुदी मुलगा, ज्याला पुढे सगळं अरब जग आवाजावरून ओळखत होतं, आणि वयाच्या बेचाळीस-त्रेचाळीसाव्या वर्षी ज्याला एका तंबूच्या दारात रेशनच्या रांगेत उभं राहावं लागलं. आपल्या समाजात हे नाव फार जणांना ठाऊक नाही. पण ज्यांनी मआबाऱ्यात दिवस काढले त्यांना त्यांची कथा परकी वाटणार नाही.

सालेह यांचा जन्म 1908 चा, धाकटे भाऊ दाऊद यांचा 1910 चा. वडील एझरा हे इराककडून व्यापारासाठी कुवेतला येऊन राहिलेले. तेव्हाचं कुवेत म्हणजे समुद्रकाठचं एक लहान बंदर. 1920 साली शहराभोवती मातीची भिंत घातली गेली, आणि आज रुमैथिया आहे तिथपर्यंत भिंतीबाहेर फक्त वाळवंट. शेजारच्या सालमियाला त्या काळी दिमना म्हणत. यहुद्यांची घरं मोजकीच होती, कापड आणि किराणा अशा धंद्यातली. आणि त्या कुवेतचं सगळं तोंड आपल्या मुंबईकडे होतं. मोती मुंबईला विकले जात, तिथून लाकूड, तांदूळ, कापड गलबतातून परत येई. बाजारात चलन आपला रुपया, आणि तो 1961 पर्यंत चालला. 1923 पासून टपालाची तिकिटं हिंदुस्थानचीच, फक्त वर कुवेत असं छापलेलं. त्यामुळे तिथल्या मुलाला मुंबई हे नाव कानावर नवीन नव्हतं.

अशाच एका हिंदुस्थानच्या फेरीतून परत येताना त्यांच्या काकांनी दोन वाद्यं आणली. सालेहना व्हायोलिन मिळालं, दाऊदना ऊद. सालेह दहा वर्षांच्या आसपासचे होते. ती वाद्यं हिंदुस्थानातल्या कुठल्या दुकानातली हे कळायला मार्ग नाही, पण भायखळ्याच्या जुन्या माणसांना कल्पना करायला हरकत नाही! खालिद अल-बकर हे तिथले नावाजलेले ऊदवादक त्यांचे गुरू झाले. लहान वयातच दोघं भाऊ दिवाणखान्यांतून, शेखांच्या घरांतून वाजवू लागले, आणि सालेह चाली बांधू लागले.

1920 च्या दशकाच्या शेवटी कुटुंब बसऱ्याला आणि मग बगदादला गेलं. ही त्यांची पहिली स्थलांतराची पायरी, पण ती सोपी होती. बगदादमध्ये त्या वेळी यहुदी लोक शहराच्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा होते, आणि वादक तर बहुतेक यहुदीच. तिथं गेल्यावर लोक या भावांना अल-कुवेती म्हणू लागले. आपल्याला यात नवल नाही. किहीम सोडलं तो किहीमकर, पेण सोडलं तो पेणकर, नवगाव सोडलं तो नवगावकर. गावात असेपर्यंत कोणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. तेही तसेच कुवेतकर झाले, आणि हे नाव मग आयुष्यभर चिकटलं.

बगदादची वीस वर्षं म्हणजे त्यांचा सुवर्णकाळ. सलीमा मुराद, झकिया जॉर्ज अशा गायिकांसाठी सालेहनी चाली दिल्या. 1932 साली उम्म कुलथूम बगदादला आल्या तेव्हा त्यांनी सालेह यांचं एक गाणं शिकून घेतलं, असं सांगतात. दुसऱ्यांची चाल सहसा न घेणाऱ्या बाई त्या, म्हणून इराकी लोक ही गोष्ट आजही अभिमानाने सांगतात. 1936 मध्ये बगदाद रेडिओ सुरू झाला, त्याचं वाद्यवृंद उभारायचं काम सालेह यांच्याकडे आलं. आलिया वा इस्साम या 1948 च्या इराकी चित्रपटाचं संगीतही त्यांचं. त्यांच्या चालींची संख्या शेकड्यांनी मोजतात. पैसा होता, घर होतं, राजदरबारी मान होता.

मध्ये जून 1941 मध्ये फरहूद झाला, शावुओतच्या दिवसांत बगदादच्या यहुद्यांची कत्तल आणि लूट. तरी बहुतेक माणसं तिथंच राहिली. घर, दुकान, शाळा, मशिपदी असं सगळं सोडून कोण उठतं? पण 1948 नंतर नोकऱ्या जाऊ लागल्या, परवाने मिळेनात, आणि मार्च 1950 मध्ये इराकच्या संसदेने कायदा केला की ज्याला देश सोडायचा त्याने नागरिकत्व सोडून जावं, परत येण्याचा हक्क नाही. नावनोंदणी प्रार्थनामंदिरांतून होत होती. विचार करा, ज्या मशिपदीत सण केले तिच्याच आवारात टेबल मांडून, आपण या देशाचे नाही अशा कागदावर सही करायची. सही झाली की माणूस कुठलाच राहत नसे, आणि विमानाची पाळी यायला महिनोन्‌महिने लागत. मार्च 1951 मध्ये दुसरा कायदा आला, आणि सही केलेल्यांची मालमत्ता, बँकेतला पैसा, दुकानं, सगळं सरकारने गोठवलं. नेता येत होते मोठ्या माणसामागे 50 दिनार आणि एक-दोन बॅगा. सुमारे 1 लाख 20 हजार माणसं अशी विमानांनी इस्राएलला आली. सालेह आणि दाऊद त्यांतलेच.

आपल्या लोकांची अलिया अशी नव्हती, हे इथं प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मुंबई-कोकणात आपल्यावर कोणी हात उचलला नाही, कोणी नागरिकत्व काढून घेतलं नाही. आपण स्वखुशीने गेलो, आणि ज्यांना जमलं नाही ते 1952 च्या सुमारास परतही आले. इराकी माणसाला परतायला दारच नव्हतं. मला वाटतं त्यांच्या आणि आपल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातला फरक इथून येतो.

बाकी लोदच्या विमानतळावर उतरल्यानंतरचं सगळं सारखंच. अंगावर डीडीटीची पांढरी पूड, मग डॉक्टर, मग टेबल, मग दुसरं टेबल. नाव हिब्रूत कसं लिहायचं हे लिहिणाराच ठरवायचा. तेउदात ओले, तेउदात झेहुत, रेशनची वही, कुपात होलिमचं कार्ड. सोखनुतकडून लोखंडी खाट, गादी, कंबल, आणि गाडीत बसवून न्यायचं तिकडे जायचं. या भावांच्या वाट्याला रामलाजवळचा बएर याकोवचा मआबारा आला. तंबू आणि पत्र्याच्या झोपड्या, पावसाळ्यात चिखल, पाण्यासाठी सार्वजनिक नळ. देशात तेव्हा त्सेना चालू होती, अंडीसुद्धा मोजून मिळत.

खरी अडचण लिश्कात. कामाच्या कचेरीत सुतार, गवंडी, शिंपी, मेकॅनिक यांना काही ना काही मिळे. आपल्यातल्या रेल्वेतल्या फिटरला आणि मिलमधल्या माणसालाही थोडा उशीर लागला, पण मिळालं. कमांजा वाजवणाऱ्याला लिश्काने काय द्यायचं? रस्त्याची खडी, झाडं लावण्याचं काम, तेही आठवड्यातले थोडे दिवस. बगदाद रेडिओचा वाद्यवृंद उभारला, हा अनुभव दाखवणारं सर्टिफिकेट कुठल्या खिडकीवर चालणार होतं? आणि चाललं असतं तरी त्या वेळच्या इस्राएलला अरबी गाणं म्हणजे पलीकडच्या शत्रूचं गाणं. हिब्रू शिका, जुनं विसरा, असा काळ होता. आपल्या मराठी कीर्तनालाही तेव्हा लोक नाकं मुरडत, पण निदान ते गाणं शत्रूचं आहे असं कोणी म्हणत नव्हतं.

पुढे कुटुंब तेल अवीवच्या दक्षिणेला हातिक्वा वस्तीत राहायला गेलं. वस्ती गरिबांची, इराकी, इराणी, तैमानी लोकांची. दोघा भावांनी पोटासाठी दुकानदारी केली, घरगुती वस्तू विकल्या. कोल इस्राएलच्या अरबी विभागात त्यांना वाजवायला मिळे. तिथं मानधन थोडं, पण एक गंमत अशी की हा कार्यक्रम बगदाद, बसरा आणि कुवेतमध्येही लोक रेडिओला कान लावून ऐकत. म्हणजे ज्या देशात राहत होते तिथले शेजारी ऐकत नव्हते, आणि ज्या देशांत पाऊल टाकता येत नव्हतं तिथले ऐकत होते. बाकी लग्न, बार मित्झवा, इराकी लोकांची हाफला. दिवसा गल्ल्यावर आणि रात्री व्हायोलिन घेऊन, असं पंचवीस-तीस वर्षं चाललं.

मुलांनी गाण्याच्या धंद्यात पडू नये यावर घरात कटाक्ष होता. या गोष्टीने मला सर्वांत जास्त चटका लावला. दाऊद 1976 साली गेले, सालेह 1986 साली. त्याआधीच, 1970 च्या दशकात, इराकच्या रेडिओवर त्यांची गाणी लावताना त्यांचं नाव घेणं बंद झालं होतं. गाणी लोकगीत म्हणून वाजत राहिली. मालमत्ता गोठवल्याचा निदान एक कायदा तरी होता, कागद होता. चालीवरचं नाव पुसलं त्याची पावती कोणी दिली नाही.

दाऊद यांच्या मुलीचा मुलगा दुदू तासा हा इस्राएलमधला रॉक गायक. आजोबा गेल्यावर जन्मलेला. घरात कोणी फारसं बोलत नसे त्या जुन्या तबकड्या त्याने शोधून काढल्या, आणि 2011 मध्ये आजोबांची गाणी अरबीतच, पण गिटार आणि ड्रम लावून, कुवेती भावांच्या नावाने काढली. आता ती गाणी बगदादमध्ये आणि आखातात तरुण मुलं मोबाईलवर ऐकतात. रुमैथियातल्या आमच्या त्या मुलाला मी नाव कळवलं होतं. त्याच्या ऑफिसातल्या एका वयस्क कुवेती गृहस्थांना त्यातलं एक गाणं लहानपणापासून पाठ होतं म्हणे, आईच्या तोंडून ऐकलेलं. चाल बांधणारा माणूस त्यांच्याच गावात जन्मला हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

हातिक्वा वस्तीत, जिथं दोघांनी दुकान चालवलं, तिथं तेल अवीवच्या नगरपालिकेने एका रस्त्याला अल-कुवेती बंधूंचं नाव दिलं आहे. रस्ता छोटाच आहे. पण तिथं राहणाऱ्या प्रत्येकाच्या तेउदात झेहुतवर, विजेच्या बिलावर आणि अर्नोनाच्या नोटिशीवर आता ते नाव छापून येतं.