कल्याण ते फिलाडेल्फिया : आनंदीबाईंचा एकटीचा प्रवास

शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातले भात, नाचणी, लाकूडफाटा उतरायचे ते कल्याणच्या बाजारात. रेल्वे १८५४ साली कल्याणला पोहोचली, दुसऱ्या वर्षी वाशिंदला, १८६१ साली कसाऱ्याला आणि १८६५ च्या आरंभी थळ घाट चढून इगतपुरीला. त्याच वर्षी ३१ मार्चला कल्याणच्या गणपतराव जोशी यांना मुलगी झाली. तिचे नाव यमुना. घराणे जुने, जमीनजुमल्याचे. पण वैभव ओसरत चाललेले. ज्या गावातून जग दूर जाऊ लागले होते, त्या गावातल्या मुलींचे जग मात्र माजघर, परस आणि देऊळ एवढेच होते. आजारी बाईने पुरुष वैद्यापुढे नाडी धरायला हात काढणेही अवघड. खेड्यापाड्यांत तर सुईण हाच पहिला आणि शेवटचा उपाय.

नवव्या वर्षी यमूचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवू द्यावे, ही त्याची लग्नाआधीची अट होती. लग्नानंतर यमूची आनंदी झाली आणि शिक्षण सुरू झाले. हे शिक्षण प्रेमळ नव्हते. गोपाळराव सुधारक होते आणि तऱ्हेवाईक व तापटही होते. अभ्यास चुकला की मार बसे. आनंदीबाईंच्या चरित्रातला हा भाग गाळून त्यांना केवळ आदर्श जोडपे म्हणून रंगविण्याची प्रथा बरीच वर्षे चालली. ती आनंदीबाईंवर अन्याय करणारी आहे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी स्वतःच त्या दिवसांचा हिशेब नवऱ्यापुढे मांडला.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हा सल राहिला. डॉक्टर होण्याचा निश्चय इथे रुजला, असे मानले जाते आणि ते पटण्यासारखे आहे.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ख्रिस्ती व्हा, मग पाहू, असा त्याचा रोख होता. हा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो १८८० साली दंतवैद्याकडे वाट पाहत बसली असताना वाचला आणि कोण कुठल्या हिंदू मुलीला पत्र धाडले. त्यातून मावशी-भाचीचे नाते जुळले. भेट होण्यापूर्वी तीन वर्षे या दोघी एकमेकींना लिहीत होत्या. सण, व्रते, बालविवाह, स्वयंपाक, आजार या साऱ्याविषयी लिहिता लिहिता आनंदीबाई आपल्याच समाजाकडे बाहेरून पाहायला शिकल्या. प्रवासाची खरी सुरुवात या पत्रांतूनच झाली.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत बिऱ्हाड कलकत्त्याला आणि पुढे श्रीरामपूरला गेले. दोघांनी जाणे जमेना, तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने पुढे जावे असे ठरले. ब्राह्मण घरची सवाष्ण, नवऱ्यावाचून, समुद्रापार! टीकेचा भडिमार झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण करून टीकाकारांना उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे, म्हणून आपण जात आहोत. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्याचा आशय होता. या शब्दाने त्यांनी स्वतःला बांधून घेतले. त्याची किंमत पुढे शरीराने मोजावी लागली.

७ एप्रिल १८८३ रोजी सिटी ऑफ कलकत्ता या बोटीने त्या निघाल्या. अठरावे वर्ष पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. बोटीवर सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण त्यांचा जाच अधिक आणि आधार कमी. शाकाहार सांभाळायचा तर पानात फारसे काही उरत नसे. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. समोर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. तो उन्हाळा रोझेलमध्ये गेला. साडीतली, कुंकू लावणारी ही मुलगी गावाच्या कुतूहलाचा विषय झाली. घरातल्या मुलांची मात्र ती लगेच झाली.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. डीन रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्तीची सोय केली. स्त्रियांना वैद्यक शिकविणारी ती एक आद्य संस्था. रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी तेथूनच १८६७ साली, म्हणजे अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपल्यावर दोनच वर्षांत, डॉक्टर झाली होती. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाच्या वेषातली सबात इस्लामबुली अशा तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. तिघींचे चेहरे गंभीर आहेत.

कसोटी लागली ती रोजच्या जगण्यात. फिलाडेल्फियातली पहिली खोली थंड होती आणि तिथली शेगडी धुराने कोंदायची. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत. हिवाळा सोसेना, तेव्हा आनंदीबाईंनी बराच विचार करून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. बदल एवढाच, पण तो त्यांनी स्वतः ठरवला होता. हिंदुस्थानातून गोपाळरावांची संशयाने भरलेली, टोचणारी पत्रे येत होती. ज्याच्या हट्टाने ही मुलगी इथवर आली, त्यालाच तिचे स्वतंत्र होणे झोंबू लागले. आनंदीबाईंनी उत्तरे दिली. पतीविषयी कृतज्ञता राखली आणि लहानपणच्या मारझोडीबद्दलही स्पष्ट लिहिले. अशी पत्रे कल्याणच्या किंवा श्रीरामपूरच्या घरात राहून त्यांच्या हातून लिहून झाली असती, असे वाटत नाही.

प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी प्रबंधासाठी निवडला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. दोघींचे दूरचे नातेही होते. गोपाळरावही एव्हाना अमेरिकेत पोहोचले होते आणि त्या देशावर टीका करणारी व्याख्याने देत फिरत होते. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. ज्या कामासाठी ही सारी खटपट केली होती, ते समोर आले होते.

शरीराने मात्र दगा दिला. अपुरे अन्न, थंडी, जागरणे यांनी पोखरलेल्या देहात क्षयाने घर केले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. तीन-चार वर्षांपूर्वी नावे ठेवणारेच आता सत्काराची भाषा बोलत होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, आईजवळ, त्यांनी प्राण सोडला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

काशीबाई कानिटकरांनी पुढे त्यांचे मराठी चरित्र लिहिले, तर कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली अमेरिकेत निघाले. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या आणि वर दगड बसवला गेला. एका हिंदू ब्राह्मण मुलीचे नाव असलेला तो दगड कार्पेंटरांच्या नातलगांमध्ये आजही तिथे आहे.