हाल्डेन आणि वादाचे मोल

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला, तेव्हा २०२३ साली १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याला जाहीर विरोध केला. विद्यार्थ्यांवरील भार हलका करणे हे त्या निर्णयाचे कारण सांगण्यात आले. अशा वेळी, आयुष्यभर उत्क्रांतीसाठी वाद घातलेल्या आणि अखेर भारताचे नागरिक झालेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांचे स्मरण उचित ठरेल.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. खाणींतील वायूंचा शोध घेताना ते मुलालाही बरोबर नेत. प्रयोग आधी स्वतःच्या देहावर करावा, हा धडा मुलाने तेथेच घेतला. विद्यापीठात त्यांनी गणित व अभिजात वाङ्मय यांचा अभ्यास केला. विज्ञानाची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती.

नैसर्गिक निवडीची गती फार मंद, तिच्याने एवढी स्थित्यंतरे कशी घडावीत, हा डार्विनवरील जुना आक्षेप होय. १९२४ पासून हाल्डेन यांनी त्याला गणिताने उत्तर दिले. मँचेस्टर परिसरातील फिकट पतंगांची जागा अर्धशतकात काळ्या पतंगांनी घेतली होती. त्यासाठी काळ्यांची संतती फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट टिकली असली पाहिजे, असे त्यांनी मांडून दाखविले. पुढे प्रत्यक्ष निरीक्षणांनी या अनुमानास बळकटी दिली.

परंतु पहिला जीव कोठून आला? १९२९ साली एका छोट्या लेखात त्यांनी या प्रश्नास हात घातला. आदिम पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू नव्हता; सूर्याच्या अतिनील किरणांनी पाणी, कार्बन डायऑक्साइड व अमोनिया यांच्यापासून सेंद्रिय द्रव्ये बनली; ती खाऊन टाकणारे जीवच नसल्याने ती साठत गेली आणि समुद्र पातळ, ऊन कढणासारखा झाला, अशी ही कल्पना. १९५३ साली स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळविली, तेव्हा तिला प्रयोगाचा आधार लाभला. आदिम वातावरण नेमके तसेच होते काय, याविषयी आजही मतभेद आहेत. पण प्रश्न प्रयोगशाळेत आला तो कायमचा.

विरोधकांना टाळणे हाल्डेन यांच्या स्वभावात नव्हते. उत्क्रांती नाकारणाऱ्यांशी त्यांनी प्रदीर्घ लेखी वाद केले आणि ते ग्रंथरूपाने प्रसिद्धही होऊ दिले. मात्र हाच माणूस एका ठिकाणी कमी पडला. १९४२ साली ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. रशियात लायसेंको आनुवंशिकीचा गळा घोटीत होता. ज्या वाविलोव्ह यांच्या निमंत्रणावरून हाल्डेन १९२८ साली तेथे गेले होते, ते १९४३ साली तुरुंगात मरण पावले. तरीही लायसेंकोचा निःसंदिग्ध निषेध हाल्डेन यांच्याकडून वर्षानुवर्षे झाला नाही. इतरांकडे पुरावा मागणाऱ्याने आपल्या निष्ठेकडे मात्र तो मागितला नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे.

१९५७ साली ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. भारतीय नागरिकत्व आणि भारतीय वेश त्यांनी स्वीकारला. तेथून ते भुवनेश्वरला गेले. १९६३ साली अमेरिकेतील परिषदेत त्यांची ओपारिन यांच्याशी भेट झाली. जीवोत्पत्तीची तशीच कल्पना या रशियन शास्त्रज्ञाने १९२४ सालीच मांडली होती. अग्रमान ओपारिन यांचा, हे हाल्डेन यांनी मोकळेपणाने मान्य केले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.

उत्क्रांतीचा सिद्धान्त हा श्रद्धेचा विषय नव्हे, हेच या चरित्राचे सार. आक्षेपांना हिशेबाने उत्तर देत तो उभा राहिला, आणि त्याचा समर्थकही चुकू शकतो हे त्याने लपविले नाही. ज्या विद्यार्थ्यास तो वर्गात भेटलाच नाही, त्याला तो मान्य करण्याची संधी नाही आणि त्यावर शंका घेण्याचीही नाही. हलका झालेला हा भार नेमका कोणाचा, हे शिक्षकांनीच विचारावयास हवे.