सावित्रीबाईंच्या घराचे दार



गर्भपाताचा विषय निघाला की आपल्यात दोन सूर ऐकू येतात. जीव देवाने दिला आहे, तो घेण्याचा हक्क कोणालाच नाही, हा पहिला. त्या बाईवर काय प्रसंग ओढवला आहे ते कोण पाहणार, हा दुसरा. या वादात आज आपण सावित्रीबाई फुले यांचे स्मरण करू या.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी आताच्या सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. नवव्या वर्षी त्यांचे जोतिरावांशी लग्न झाले. नगरला मिस फरार या मिशनरी बाईंकडे त्या शिकवण्याचे काम शिकल्या. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवताना त्यांनी अंगावर शेणमाती झेलली. हे आपण शाळेत वाचले आहे. त्यांचे दुसरे मोठे काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्या काळी ब्राह्मण विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. कोवळ्या वयातली विधवा कोणाच्या तरी वासनेला बळी पडे. दिवस गेले की पुरुष नामानिराळा राही आणि ती लपूनछपून औषधे घेई किंवा विहीर जवळ करी. पुण्यात काशीबाई नावाच्या स्वयंपाकीण विधवेला एका शास्त्र्याने असेच फसवले. तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेप झाली आणि अंदमानला जावे लागले.

या घटनेने हेलावलेल्या फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुण्यात भिंतींवर पत्रके लावली. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असा त्यांचा आशय होता. बाळंतिणींची आणि बाळांची काळजी सावित्रीबाई घेत.

१८८४ साली जोतिरावांनी लिहून ठेवलेली हकिकत वाचून मन सुन्न होते. तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या, पण जगलेली मुले अवघी ५. बाकीची आईने लाजेपायी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी गेली. दार उघडे होते, पण तिथवर येण्याचे धैर्य व्हायला अनेकींना उशीर झाला होता. तरीही सावित्रीबाईंनी कोणाला परत पाठवले नाही. १८७४ साली अशाच एका विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्याच्या दवाखान्यात आणले. त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या.

सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण योहानाच्या शुभवर्तमानात पापी स्त्रीभोवती दगड घेऊन उभा असलेला जमाव आठवा. प्रभूने तिचे पाप पुण्य ठरवले नाही आणि तिच्यावर दगडही पडू दिला नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी गर्भपाताच्या पापाची क्षमा करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायम दिला, तोही याच वाटेने.

गर्भधारणेपासून जीव पवित्र आहे ही ख्रिस्तसभेची शिकवण आपण सोडणार नाही. पण २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८३९ होत्या. त्या घरांतल्या सगळ्याच सुनांनी हे आपल्या मर्जीने केले असेल का? मुलगाच हवा म्हणणारे सासर, हुंडा मागणारे पाहुणे आणि गप्प बसणारे शेजारी यांचाही त्यात वाटा आहे.

उद्या आपल्याच धर्मग्रामातल्या एखाद्या अविवाहित मुलीला दिवस गेले, तर ती आधी कोणाकडे जाईल? मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर आपण जे कुजबुजतो, ते ऐकून तिची पावले कोठे वळतील? गर्भातल्या जिवासाठी आपण प्रार्थना करतोच. या आठवड्यात त्या आईसाठीही करू या, आणि आपल्या घराचे दार उघडे आहे हे आपल्या लेकीसुनांना आजच सांगून ठेवू या.