पंडिता रमाबाई आणि राहून गेलेली डॉक्टरकी

सडक अर्जुनी, प्रतिनिधी : धान कापून खळ्यावर आले की गोंदिया जिल्ह्यातील या तालुक्यात मळणीयंत्रांचा आवाज सुरू होतो, पाठोपाठ राइस मिलचा. गावाच्या नावातच सडक आहे, आणि मुंबई-कोलकाता महामार्गावरील ट्रकांची घरघर तर येथे बारमाही आहे. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचे कान हळूहळू वाजू लागतात. रात्री सगळे निजले की कानात शिटी किंवा रातकिड्यांची किरकिर चालू राहते. दिवसा समोरचा बोलतो ते ऐकू येते, पण शब्द नीट उमगत नाहीत. याला कोणी आजार म्हणत नाही. घरच्यांना वाटते, माणसाचे लक्ष नाही. खुद्द त्याला वाटते, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

पूर्ण बहिरेपणाची दखल समाज घेतो, या थोड्याशा कमीपणाची घेत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र अशाच एका कमीपणाने एका असामान्य स्त्रीच्या आयुष्याची वाट बदलली. त्या स्त्रीचे नाव पंडिता रमाबाई. त्यांचे धर्मांतर, त्यावरून उठलेले वादळ, शारदा सदन आणि मुक्ती मिशन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांना डॉक्टर व्हायचे होते आणि कानाने साथ न दिल्यामुळे ते राहून गेले, ही गोष्ट बहुतेक चरित्रांत एका वाक्यात उरकली जाते. ते वाक्य थोडे थांबून वाचण्याजोगे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आज कर्नाटकात असलेल्या गंगामूळच्या अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. बायकोला देवभाषा शिकवणारा ब्राह्मण त्या काळी जातीच्या पंचायतीला खुपणारच, आणि शास्त्रीबोवांना त्याचा जाब द्यावा लागला. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळाच्या आवारात किंवा नदीकाठी पुराण सांगायचे आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण करायची, असा हा संसार होता. वडील म्हातारे झाल्यामुळे धाकटीला शिकवण्याचे काम आईकडे आले. पहाटे, घरकामाला हात लावण्यापूर्वी, आई मुलीला उठवून संस्कृतचे पाठ देई. आईने म्हणायचे, मुलीने ऐकायचे आणि तसेच्या तसे म्हणायचे, ही त्या शिक्षणाची रीत. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले ते याच रीतीने. रमाबाईंची विद्या मुळात कानावाटे आलेली होती. पुढे काय झाले ते समजून घेताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या फिरत्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. थोड्याथोडक्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले. उपास, उघड्यावरची रात्र, उत्तरेकडची थंडी हे सारे त्यांनी सोसले. झेलमकाठी तर वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून ऊब मिळवण्याची वेळ आली. कुपोषण, तीव्र ताप आणि कानाचे पुनःपुन्हा होणारे संसर्ग ही तरुण वयात ऐकणे कमी होण्याची ओळखीची कारणे आहेत, असे कानाचे डॉक्टर सांगतात.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. मग घटना भराभर घडल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी, कडेवर मूल घेऊन, त्या पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मराठीतून साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात, शाळा तपासायला स्त्रिया हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांचे मागणे होते. परपुरुषाला नाडी दाखवायची नाही म्हणून बायका विनाउपचार मरतात, हे त्यांनी स्वतः पाहिलेले होते. डॉक्टर हवी हे सांगून त्या थांबल्या नाहीत, आपणच ती विद्या शिकावी असे त्यांनी ठरवले. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय झाली आणि १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. त्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात जो गदारोळ उठला त्यात दुसरी एक बातमी कोणाच्या ध्यानात आली नाही. वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागणार होता, कारण रमाबाईंना कमी ऐकू येत होते आणि ते वाढत चालले होते.

थोडेसे कमी ऐकू येणे एवढे आडवे का यावे, असा प्रश्न पडेल. आवाज लहान होणे हा या विकाराचा सगळ्यात किरकोळ भाग आहे. अनेकांच्या बाबतीत आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज, आणि भाषेतली स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत असतात. स्वर ऐकू येतात, व्यंजने गळतात. बोलणे चालू आहे हे कळते, काय बोलले हे मेंदूला संदर्भावरून जुळवून घ्यावे लागते. मातृभाषेत हे जुळवणे जमून जाते, कारण पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज असतो. परक्या भाषेत तो अंदाज नसतो. रमाबाईंची इंग्रजी त्या वेळी नवी होती. वैद्यकीय विषयांची व्याख्याने, रुग्णांच्या खाटांभोवती घोळक्याने चालणारे शिक्षण, आणि शिवाय स्टेथोस्कोप. १८१६ मध्ये फ्रान्समध्ये निघालेल्या या नळीने डॉक्टरकीचा मोठा भाग कानावर सोपवला होता. छातीतली बारीक खरखर ज्याला ऐकू येत नाही त्याने निदान कसे करायचे? विजेवर चालणारी श्रवणयंत्रे निघायला अजून दीड दशक होते. होते ते कानाला लावायचे कर्णे, आणि कर्ण्याने आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही.

दार लावणाऱ्यांना त्या काळाच्या मापाने दोष देणे अवघड आहे. पण ते माप एकविसाव्या शतकापर्यंत फारसे बदलले नव्हते, हेही खरे. आवाज वाढवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आले, अनेक देशांत ऐकू कमी येणारे डॉक्टर रुग्ण तपासू लागले. भारतात मात्र अपंगत्वाचा टक्का पाहून प्रवेश नाकारण्याची पद्धत चालू राहिली. केवळ टक्केवारीवरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही, त्या उमेदवाराला अभ्यासक्रम पुरा करता येईल का हे तपासले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. ते प्रकरण वाणीच्या अपंगत्वाचे होते, तत्त्व मात्र कानालाही लागू पडणारे आहे.

कान वाजणे हे या दुखण्याचे दुसरे अंग. आयुर्वेदाने त्याला कर्णनाद म्हटले आहे. बाहेरून येणारा आवाज कमी पडू लागला की मेंदू जणू आपल्याकडचे बटण वाढवतो आणि त्यातून नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो, असे आजचे शास्त्र समजते. जर्मन संगीतकार बिथोव्हेनला तिशीतच हे दुखणे जडले होते. आपले कान रात्रंदिवस वाजतात आणि लोकांना हे कळू नये म्हणून आपण मंडळींत जाणे टाळतो, अशा अर्थाचे पत्र त्याने १८०१ मध्ये एका डॉक्टर मित्राला लिहिले. संगीतकाराने कानाचे दुखणे लपवावे हे समजण्यासारखे आहे. साधी माणसेही तेच करतात. चारचौघांत हसू आले की हसतात, मान डोलावतात आणि हळूहळू लग्नकार्याला जाणेच सोडतात.

रमाबाईंनी तसे केले नाही. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिआ बील यांच्या हाताखाली त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. या हिंदू विधवेने पुरुषांना शिकवू नये, अशी हरकत तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी घेतली. रमाबाई नव्या धर्मातही कोणाच्या मुठीत राहिल्या नाहीत, त्याची ही सुरुवात होती.

१८८६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियाचे बोलावणे आले. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होणार होत्या. ११ मार्च १८८६ रोजी तो पदवीदान समारंभ झाला आणि रमाबाई त्याला हजर होत्या. जी पदवी घेण्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला होता ती आपल्याच नात्यातल्या, आपल्याहून सात वर्षांनी लहान मुलीला मिळताना त्यांनी पाहिली. आनंदीबाई पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात क्षयाने गेल्या. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी निघाले. ते त्यांनी आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या भूमीतच लिहून पुरे केले आणि त्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

अमेरिकेत त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. ज्याला कमी ऐकू येते त्याने सभा गाजवावी, यात नवल वाटण्याचे कारण नाही. व्यासपीठावर आपण बोलतो आणि लोक ऐकतात. अवघड जाते ते जेवणाच्या टेबलावर, चार जण एकदम बोलू लागले की. याच मुक्कामात त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. फ्रोबेलच्या त्या पद्धतीत मूल वस्तू हाताळून आणि चित्रे पाहून शिकते. आईच्या तोंडून ऐकून पाठ करण्याच्या शिक्षणाहून ते अगदी निराळे होते. मराठी मुलींसाठी सचित्र पाठ्यपुस्तके काढण्याचा त्यांचा खटाटोपही तेव्हाचाच.

बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. १८८९ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि ११ मार्च रोजी मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. येथे शिकलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जाते असा आरोप होऊन सदनातल्या अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. हा वाद दोन्ही बाजूंनी इतका लिहिला गेला आहे की येथे तो पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळाने त्यांना पुन्हा रस्त्यावर आणले. दुष्काळाची झळ मध्य प्रांतात तीव्र होती. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि म्हणून त्याच प्रांतात होता. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. भुकेल्या मुलींना फसवून नेणाऱ्या दलालांचा सुळसुळाट झाल्याचे कळताच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच वाटेवर उपाशी चालत होत्या. पुण्यात प्लेग असल्याने मुलींना शहरात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे बायकाच करीत. मनोरमेने तेथे अंध मुलींना शिकवणे सुरू केले.

शेवटचा मोठा उद्योग बायबलच्या मराठी भाषांतराचा. आधीची भाषांतरे संस्कृताळलेली असल्याने ती शेतकऱ्याच्या बायकोला कळत नाहीत, असे त्यांचे मत होते. मुळाशी भिडण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. संस्कृत त्यांच्याकडे कानाने आली होती, या दोन भाषा त्यांनी ग्रंथांत डोळे घालून मिळवल्या. भाषांतर झाले तसे ते मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच जुळवले आणि छापले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच राहिली नाही. तरी मुद्रितांची तपासणी रमाबाईंनी अखेरच्या दिवसांपर्यंत चालू ठेवली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले.