पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. विधवा व निराधार स्त्रियांसाठी त्यांनी स्थापन केलेल्या शारदा सदन आणि मुक्ती मिशन या संस्था प्रसिद्ध आहेत. दैनंदिन प्रार्थना आणि शास्त्रवाचन हा त्यांच्या उत्तरायुष्याचा आधार होता. त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत मोठा वादही त्यातूनच उद्भवला.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत पुराणे सांगत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण मरण पावल्यावर रमाबाई भाऊ श्रीनिवास यांच्यासह देशभर पायी फिरल्या. १८७८ साली कलकत्त्यात तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

बायबलचा परिचय

कलकत्त्यातील एका ख्रिस्ती मेळाव्यात लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले पाहून ते खुर्च्यांनाच वंदन करीत आहेत, असे रमाबाईंना वाटले. तेथे त्यांना बायबलची संस्कृत प्रत भेट मिळाली. मात्र तिची भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृत ग्रंथांहून इतकी वेगळी होती की, ती वाचण्यात त्यांना रस वाटला नाही. १८८० साली बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाल्यावर सिल्चर येथील घरी त्यांच्या हाती बंगालीतील लूकचे शुभवर्तमान पडले आणि त्यांची जिज्ञासा जागी झाली. १८८२ मध्ये पतीचे निधन झाल्यावर त्या कन्या मनोरमेसह पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात राहिल्या. पतित स्त्रियांसाठी चालणारे भगिनींचे सेवाकार्य आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही केवळ चर्चचा अधिकार मान्य करून एखादे मत स्वीकारणे त्यांना पटत नसे. बायबल स्वतः वाचून जे समजेल तेच मानण्याचा त्यांचा आग्रह होता. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. क्रूसावरील शब्द लॅटिनऐवजी संस्कृतात का नसावेत, असा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला.

शारदा सदन आणि प्रार्थनेचा वाद

अमेरिकेतील दौऱ्यात मिळालेल्या साहाय्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई व मनोरमा आपल्या खोलीत दररोज प्रार्थना करीत. मात्र त्या वेळी दार उघडे असे. काही मुली स्वेच्छेने येऊन बसू लागल्या. उघडे दार हेच मूक आमंत्रण आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते, तर स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करणे रमाबाईंना मान्य नव्हते. केसरीने संस्थेवर कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांचा पाठिंबा गमावूनही रमाबाईंनी आपला प्रार्थनेचा क्रम बदलला नाही.

मुक्ती मिशन

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुलींसाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. ते उघडपणे ख्रिस्ती होते. शेती, विणकाम, छपाई आणि शिक्षण यांबरोबरच प्रार्थना व बायबलवाचन हा तेथील दिनक्रमाचा भाग होता. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी आवाहन केले, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० च्या आसपास पोहोचली व दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. जूनअखेर तेथे झालेली आध्यात्मिक जागृती जगभरातील ख्रिस्ती समाजात चर्चेचा विषय ठरली.

बायबलचे भाषांतर

तत्कालीन मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना समजत नाही आणि त्यातील काही शब्दांमुळे हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थ मनात येतात, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. नामवंत संस्कृत पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले, हे या कार्याचे वैशिष्ट्य होय. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनी केली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. प्रकृती ढासळलेली असतानाही रमाबाईंनी काम सुरू ठेवले आणि मृत्यूच्या थोडेच आधी ते पूर्ण केले. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

स्मृती

भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात ३० एप्रिल रोजी शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. केडगाव येथील मुक्ती मिशनचे कार्य आजही सुरू आहे.