बेंजामिन फ्रँकलिन यांचे लाकडी फिन्स का फसले?

विजेच्या प्रयोगांमुळे माहीत असलेले बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) पट्टीचे पोहणारेही होते. लहानपणी बोस्टनमध्ये त्यांनी सुमारे १० इंच लांब, ६ इंच रुंद अशा लाकडी फळ्या हातात धरून पोहून पाहिलं. वेग वाढला, पण मनगटं थकली. मग तळपायांना फळ्या बांधल्या. त्यांनी मात्र निराशा केली. पाण्याला रेटा नुसत्या तळव्याने बसत नाही, पायाची आतली बाजू आणि घोटाही लागतो, हे त्यांनी ओळखलं. १७२६ मध्ये ते लंडनच्या थेम्स नदीत चेल्सीपासून ब्लॅकफ्रायर्सपर्यंत पोहले. पोहणं शिकवायची शाळा काढायचाही विचार होता, पण ते फिलाडेल्फियाला परतले. (नाहीतर अमेरिकेचा इतिहास वेगळा असता!) फिन्सचं पेटंट आलं थेट १९३३ मध्ये, फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्ल्यू यांचं. पिंपरी-चिंचवडला बसून फ्रीडायव्हिंगचे फिन्स मागवणार असाल, तर लांबीआधी पातं किती वाकतं आणि घोटा किती थकतो, ते बघा.