शांतिदूत असिसीकर संत फ्रान्सिस

असिसीकर संत फ्रान्सिस म्हटले की पाखरांना उपदेश करणारे संन्यासी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. मात्र ज्या नगरीत ११८१ किंवा ११८२ साली त्यांचा जन्म झाला, ती असिसी दोन तटांत दुभंगलेली होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. एकीकडे उमराव, तर दुसरीकडे व्यापारी आणि कारागीर. ११९८ साली नागरिकांनी नगराच्या माथ्यावरचा सम्राटाचा गड उद्ध्वस्त केला आणि पाठोपाठ उमरावांच्या घरांवर हल्ले केले. परागंदा उमरावांना शेजारच्या पेरुजिया नगराने आसरा दिला. पुढे संत क्लारा म्हणून प्रसिद्धीस आलेल्या बालिकेचे कुटुंबही त्यांत होते.

१२०२ साली कोलेस्त्रादा येथे दोन्ही नगरांची लढाई झाली. कापडाचे व्यापारी पिएत्रो बेर्नार्दोने यांचे हे चिरंजीव असिसीच्या बाजूने लढले, पकडले गेले आणि सुमारे वर्षभर पेरुजियाच्या तुरुंगात राहिले. शांतीचे हे दूत मुळात एका तटाचे सैनिक होते! त्याच तुरुंगात एक गर्विष्ठ सरदार होता. त्याच्या तिरसट स्वभावामुळे इतर कैदी त्याला टाळत असत. फ्रान्सिस मात्र त्याच्याजवळ जाऊन बसू लागले. हळूहळू इतरांचेही त्याच्याशी जमले.

इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिल याच्याशी १२१९ साली झालेली त्यांची भेट सर्वश्रुत आहे. १२२२ साली बोलोन्या येथील चौकात त्यांनी केलेल्या प्रवचनानंतर पिढीजात वैर असलेल्या घराण्यांनी समेट केल्याचे एका प्रत्यक्षदर्शीने लिहून ठेवले आहे. आम्हाला मात्र त्यांच्या अखेरच्या दिवसांतील, त्यांच्याच गावातला प्रसंग अधिक मोलाचा वाटतो.

त्या वेळी असिसीचे बिशप गुइदो आणि नगरप्रमुख यांच्यात तीव्र वितुष्ट आले होते. बिशपांनी नगरप्रमुखाला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. त्यावर नगरप्रमुखाने दवंडी पिटवली की बिशपांना कोणी काही विकू नये, त्यांच्याकडून काही घेऊ नये, त्यांच्याशी कोणताही करार करू नये. एकाच्या हाती संस्कार, दुसऱ्याच्या हाती बाजार. सामान्य श्रद्धावंताने जायचे कोठे?

फ्रान्सिस तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. दृष्टी जवळजवळ गेली होती आणि उजेडही सहन होत नव्हता. या दोघांना जवळ आणण्यास कोणीच पुढे होत नाही, ही आपणा प्रभूच्या सेवकांना लाज आणणारी गोष्ट आहे, असे ते सोबत्यांना म्हणाले. सूर्य, चंद्र, वारा व पाणी यांच्यासाठी परमेश्वराची स्तुती करणारे गीत त्यांनी १२२५ साली रचले होते. त्यात त्यांनी आता क्षमा करणाऱ्यांविषयीचे कडवे जोडले. एका बंधूकरवी नगरप्रमुखाला बिशपांच्या वाड्यावर येण्याचा निरोप धाडला आणि दोघा बंधूंना तेथे ते गीत गायला सांगितले.

दोष कोणाचा, याचा निवाडा त्यांनी केला नाही. दोघांशीही बोलता येईल असे त्या गावात बहुधा ते एकटेच उरले होते. वडिलांनी भर सभेत दावा मांडला तेव्हा अंगावरची वस्त्रे परत करणाऱ्या तरुण फ्रान्सिसला ज्यांनी आपल्या झग्यात घेतले, ते असिसीचेच बिशप होते. आणि नगरप्रमुखाचीही त्यांच्यावर गाढ श्रद्धा होती.

वाड्याच्या चौकात गीत सुरू झाले. नगरप्रमुख उठून उभा राहिला. शुभवर्तमान ऐकावे तसे हात जोडून त्याने ते ऐकले आणि त्याचे डोळे भरून आले. माझ्या भावाचा वा मुलाचा कोणी वध केला असता, तरी त्याला मी क्षमा केली असती, असे सांगून त्याने बिशपांचे पाय धरले. बिशपांनी त्याला उठवले. आपल्या पदाला नम्रता शोभते, पण आपला स्वभाव मूळचाच तापट, अशी कबुली देऊन त्यांनीही क्षमा मागितली. दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी फ्रान्सिस प्रभूघरी गेले. मरणासन्न फ्रान्सिस यांना परत आणण्यासाठी काही काळ आधी असिसीने आपले घोडेस्वार पाठवले होते. वाटेत मृत्यू आलाच, तर त्यांचा देह दुसऱ्या नगराच्या हाती लागू नये म्हणून.